दगडूचा माउथपीस

रुचिता, तो मोबाइल खाली ठेव. लाइट यायला वेळ आहे. आणि सूरज, तू मधे मधे हसायचं नाहीस. हे मी वाचलेलं नाही, आपल्या बी विंगमधल्या कौस्तुभच्या बाबतीत घडलंय. निम्मं तर मी स्वतः ऐकलंय.

२०२३ साल. तेवीस डिसेंबर, शनिवार. त्या संध्याकाळी जेसल पार्कच्या मैदानावर कौस्तुभच्या बँडचा नाताळचा कार्यक्रम होता. सोळा वादक, सगळ्यांच्या डोक्यावर लाल टोप्या. युरोपातलं जुनं शास्त्रीय संगीत, जे लोक गंभीर चेहऱ्याने ऐकतात ना, ते जॅझच्या ठेक्यात. कौस्तुभ ऑफिसातून आला की रात्र रात्र बसून ते लिहायचा. तीन वर्षांची मेहनत होती त्याची.

सकाळी रिक्षातून उतरताना बँडमधल्या परागच्या ट्रॉम्बोनची नळी वाकली. ट्रॉम्बोन म्हणजे ती पुढेमागे सरकवायची लांब पितळी पिपाणी. दुसरा कुठे मिळणार? म्हणून दुपारी कौस्तुभ तारोडीला गेला, दगडूच्या घरी, त्याचा ट्रॉम्बोन मागायला.

दगडू मासेमारी करायचा आणि लग्नाच्या बँडमध्ये वाजवायचा. नोटेशन वाचता येत नव्हतं, पण कान सोन्याचा. कौस्तुभच्या बँडमध्ये परागच्या जागी आधी तोच होता. कार्यक्रमातल्या शेवटच्या तुकड्याचा शेवट त्याने बसवलेला. सगळे थांबतात आणि ट्रॉम्बोन एकटा खाली खाली उतरत जातो. तो म्हणाला होता, "कागदावर माजं नाव लाव." कौस्तुभ म्हणाला, "बघू." त्यानंतर दगडू वारला. कौस्तुभने तो शेवट अर्धा कापला आणि पत्रकावर एकट्याचं नाव छापलं. मला हे नंतर कळलं. तेव्हाच कळतं तर चार शब्द सुनावले असते.

दगडूची बायको शकू दारातच म्हणाली, "वरीस सरला न्हाय अजून. चार दिवस हायेत. तवर तेला दुसऱ्याचा तोंड लावायचा न्हाय."

त्यांच्या बँडवाल्यांत तशी रीतच. कौस्तुभ हुशार. म्हणाला, "वहिनी, तोंड लावायचा माउथपीस तुमच्याकडेच ठेवा. पराग स्वतःचा लावेल. मग तर झालं?"

 शकूने माउथपीस काढला, कोरड्या फडक्यात गुंडाळला, पत्र्याच्या डब्यात ठेवून डबा कपाटात घातला. चावी कमरेला. मग ट्रॉम्बोन त्याला दिला.

रात्री नऊ वाजून दहा मिनिटं. शेवटचा तुकडा. मी तिसऱ्या रांगेत. सगळे थांबले आणि ट्रॉम्बोन उतरायला लागला. काय सांगू... अंगावर काटा आला. कौस्तुभचे हात खाली आले, तुकडा संपला. पण ट्रॉम्बोन थांबला नाही. उतरतच राहिला. कापलेला अर्धा भागसुद्धा.

टाळ्या पडत होत्या. कौस्तुभचा चेहरा पांढरा.

स्टेजमागे त्याने परागला धरलं. "तो भाग कागदावर नाहीये. तुला कुणी शिकवला? शकूवहिनींनी? तुम्ही दोघं मिळून मला..."

पराग या वर्षीच आलेला मुलगा. 

"सर, मी फुंकलंच नाही."

"खोटं बोलू नकोस."

"ओठाशी नेलं फक्त. तर आतून..."

"आतून काय?"

"आतून फुंकर आली, सर. माझ्या तोंडावर."

कौस्तुभचा विश्वास बसेना. वाजवलं की नळीत पाणी साठतं, ते काढायला खाली एक कळ असते. त्याने कळ दाबली. पाणी आलं. बरंच. म्हणाला, "हे काय मग?" आणि परागचा माउथपीस उपटून बघितला.

तो कोरडा होता. ठणठणीत कोरडा.

पावणेबाराला कौस्तुभ आणि पराग तारोडीला. शकू जागीच होती. कौस्तुभ ओरडला नाही, फक्त म्हणाला, "डबा उघडा."

तिने कमरेची चावी काढली. कपाट उघडलं. डबा उघडला.

फडकं ओलं होतं.

पिळण्याइतकं... आणि आतला माउथपीस कोमट.

 शकू म्हणाली, "नाव लावला का तेचा?"

कौस्तुभ तसाच बाहेर पडला.  अजूनही म्हणतो, बाईने पाणी ओतलं असणार, पराग सामील असणार. दरवर्षी पत्रकावर त्याचंच एकट्याचं नाव असतं. मला त्याचा राग येतो, खरं सांगतो.

मागच्या रविवारी मी तारोडीला गेलो होतो. वर्षश्राद्ध होऊन किती काळ लोटला. शकूने तो डबा कुलपातून काढलेला नाही, फक्त रोज सकाळी उघडते आणि फडकं बदलते.

अंगणात दोरीवर लहान लहान फडकी वाळत घातली होती. सात.

शेवटच्यातून अजून पाणी ठिबकत होतं.