तळ्यावरची बदकं आणि तिघांची तीन गुपितं

"थांबा! आधी नकाशा, मग तपास! आणि नकाशा मीच काढणार!" तळ्याच्या कठड्यावर चढून पुढारी ओरडला.

"नकाशा कशाला? तळं काय पळून जाणार आहे?" शंकासुर म्हणाला. "आणि बदकं म्हातारी होऊन मेली नसतील कशावरून?"

"दोन्ही बदकं एकाच सकाळी म्हातारी झाली होय रे?" पुढाऱ्याने विचारलं.

चिमणी मात्र गवतात पडलेल्या बदकाशेजारी बसली होती. तिघंही एकाच गल्लीतली, एकाच वर्गातली. खरी नावं फक्त हजेरीपुरती. सुट्टी लागली आणि शाळेमागच्या बागेतली बदकं मरायला लागली. माळीकाकांनी ती अंड्यातून बाहेर पडल्यापासून वाढवली होती.

चिमणीने ओल्या पिसांवरून बोट फिरवून हुंगलं. ई! कसला उग्र वास! ती सांगणार, तोच पुढारी खेकसला, "ए, तू मध्ये मध्ये लुडबुडू नकोस!"

चिमणीने ओठ घट्ट मिटले. बरं तर! आता मी एकटीच शोधून काढते की नाही बघ!

मग काय, तीन तिघाडा, काम बिघाडा! पुढारी रोज नवा हुकूम सोडायचा, शंकासुर त्यात खोट काढायचा आणि चिमणी तोच वास शोधत दुकानादुकानांतून हिंडायची. संध्याकाळी तिघं भेटली, की भांडायची. सकाळी तळ्यावर आणखी एक बदक कमी झालेलं असायचं. माळीकाकांनी दाणा बदलून पाहिला, गवत बदलून पाहिलं. हल्ली ते कुणाशी बोलेनासे झाले होते.

शेवटी एकच पिल्लू उरलं. माळीकाकांनी ते टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतलं होतं. त्याची मान सारखी कलंडत होती. ते पाहून चिमणीला राहवेना.

"त्याच्या पिसांना रंगाच्या डब्यासारखा वास येतोय! पहिल्या दिवसापासून येतोय!"

पुढाऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला. "शाळेला रंग देणारे लोक मागच्या गटारात रंग पातळ करायचं टर्पेंटाइन ओततात. मी पाहिलंय. मी... मी शेवटी सांगून सगळ्यांना चकित करणार होतो."

"ते गटार तर तळ्यातच येतं!" शंकासुर म्हणाला. त्याचे बाबा नळदुरुस्तीचं काम करायचे. "पण मला कोणी विचारलंच नाही!"

"तू तरी सांगायचंस की!" पुढारी म्हणाला.

"आणि तू?"

चिमणीला रडू फुटलं. "पुरे ना रे! आता काय करायचं ते बोला!"

पुढारी पहिल्यांदाच गप्प राहून ऐकत होता. शंकासुराला ठेकेदाराच्याच तोंडून सगळं वदवायची युक्ती सुचली आणि कुणी म्हणजे कुणी खोट काढली नाही! चिमणी धावत मुख्याध्यापिकाबाईंना बोलवायला गेली. उरलेले दोघं रंगकामाच्या ठेकेदाराकडे गेले.

"काका, शाळेचं अंगण किती स्वच्छ ठेवलंय तुम्ही!" पुढारी म्हणाला. "रंगाचा एक थेंबसुद्धा नाही!"

"मग! आपलं काम चोख असतं!" ठेकेदार खुशीत येऊन म्हणाला. "सगळं धुवण मागच्या गटारात. इकडे डाग नाही, तिकडे कटकट नाही!"

"असं का?" दाराआडून बाई पुढे आल्या.

त्याच दुपारी गटाराचं तोंड बंद झालं आणि रंगाचे डबे गाडीत चढले. बाईंनी तिघांच्या पाठी थोपटल्या. "शाबास! याला म्हणतात एकजूट! शाळा उघडली, की सगळ्यांसमोर तुमचं कौतुक करणार आहे."

तिघांपैकी कोणीच वर पाहिलं नाही.

तिघं तळ्यावर परतली, तेव्हा माळीकाका कुंपणाशी माती सारखी करत होते. टॉवेल रिकामा होता.

"सापडलं का रे कारण?" त्यांनी विचारलं.

चिमणीने सगळं सांगितलं. कुणाला काय ठाऊक होतं आणि कधीपासून, तेही. काहीच लपवलं नाही.

माळीकाका रागावतील असं तिला वाटलं. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी हाताची माती झटकली. मग तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "हुशार आहात रे पोरांनो. तिघंही हुशार आहात."

आणि फावडं उचलून ते निघून गेले.