वहीत मेलेली शामकला

“तुम्हीच का शामकला मडावी?”

“हो. काऊन?”

“मग जरा बसा... कारण या वहीत तुम्ही मेल्या आहात.”

आता सांगा, अर्जुनी मोरगावच्या तहसिलीत, भर दुपारी, एका तरण्या पोरीशी कोणी असं बोलतं का?

अर्ध्या तासापूर्वी सगळं झकास चाललं होतं. साल २००३, जुलै. शामकलाला नागपूरच्या सरकारी मेडिकलात आदिवासींच्या राखीव यादीतून जागा लागली होती, पण तात्पुरती. महिनाअखेर जात पडताळणीचं प्रमाणपत्र जोडलं नाही, तर जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला. त्यासाठी खापरपणजोबांची जुनी नोंद हवी होती. रेकॉर्ड सांभाळणारे बाबू चहाला गेले होते आणि त्यांच्या खुर्चीत त्यांचा भाचा बसला होता, लोकेंद्र रहांगडाले. कुडव्याहून मामाकडे आलेला, पोवाराचा पोरगा, जुनं अक्षर वाचण्यात पटाईत.

पटाईत खरा, पण त्या दिवशी त्याची ओळ दोनदा चुकली.

“वही तिकडे आहे,” शामकला म्हणाली. “माझ्या तोंडावर काही लिहिलेलं नाही.”

“लिहिलेलं असतं तर एका दमात वाचलं असतं, मॅडम.”

तिनं डोळे वटारले, पण ओठांचं काय करावं ते तिला कळेना. १९१७ सालची नोंद सापडली... बकाराम मडावी, जात गोंड. ती सुटल्यासारखी हसली. नक्कल ठेवायला त्यानं तिची फाईल उघडली आणि वरच सीईटीची गुणपत्रिका होती.

“एकशे अठ्ठेचाळीस?” त्याचा आवाज बदलला. “मले एकशे एकसष्ट होते. दोन मार्कांनी ओबीसीची यादी हुकली. आता वर्षभर पुन्हा अभ्यास.”

शामकला गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. “आमच्या आश्रमशाळेत बारावीले फिजिक्सचा मास्तरच नव्हता. तुमच्याकडे होता नं?”

“शाळेत होता. गोंदियात क्लासचे दोन वेगळे.”

“मग?”

तो खुर्चीतून उठला. “थांबा जरा,” म्हणून आतल्या खोलीत गेला. बराच वेळ कागदांची खसखस येत राहिली. परत आला तेव्हा त्याच्या हातात दुसरी वही होती आणि तोंडी तो सुरुवातीचा प्रश्न.

“१३ जानेवारी १९८३,” तो वाचू लागला. “शामकला, बाप खेमराज मडावी, जात गोंड. वय दीड वर्ष. ताप.”

“नावासारखं नाव असेल.”

“बापही तोच. जन्माची नोंद एकच आहे... जून एक्याऐंशी. तुमच्या दाखल्यावरची तारीख. त्यानंतर तुमच्या घरी कोणी जन्मलंच नाही.”

लाइट गेली. वरचा पंखा कुरकुरत थांबला. शामकलानं त्या नावावर बोट टेकलं आणि पटकन उचललं. बोट गार पडलं होतं, अगदी बधीर. आपण मेलो आहोत आणि कोणी आपल्याला सांगितलंच नाही, असं तिला त्या क्षणी खरोखर वाटलं.

लोकेंद्र खाली वाकून कुजबुजला, “सोमवारी तुमच्या गावात जात पडताळणीच्या चौकशीचा साहेब येऊन राहिला. त्यानं हे पाहिलं तर म्हणेल, दुसऱ्याच पोरीच्या कागदावर शिकली. सीट जाईल. जुनी वही आहे... एखादं पान फाटतंही.”

“हात नको लावू!” ती ओरडली. ‘तुम्ही’ कुठल्या कुठे गेलं. “कोण होती बिचारी, देव जाणे. पण तिचं तेवढंच एक पान आहे.”

*

प्रतापगडाच्या अंगाला असलेल्या गावात ती उतरली तेव्हा माय, म्हणजे सुशिलाबाई, अंगणात सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. शामकलानं विचारलं. वाटलं होतं, माय घाबरेल, रडेल. माय पाखडतच राहिली.

“हो नं. तूच गेलती.”

“माय!”

“दीड वर्साची होती. ताप उतरलाच नाही. मातीत ठेवायच्या आधी तुझ्या आजीनं तुझ्या कानामागं काजर लावलं. आपल्यात लावतात. पोर परत आलं तं वरखता यावं, ओळखू यावं म्हनून. वर्सानं तू झाली आनि काजर तिथंच.” मायनं कोंड्याचा हात पुसून तिच्या कानामागच्या काळ्या डागावर ठेवला. “मग नवी नोंद कायले करायची? तीच पोरगी. नाव तेच, तारीख तीच. गुरुजीले तेच सांगितलं.”

शामकलानं मान मागे घेतली. “मी ती नाही, माय. मी मी आहे.”

“तीन वर्साची होती तू. तुले कोनी सांगितलं नव्हतं. एकटी चालत गेली, तुले ठेवलती त्या मोहाच्या झाडाखाली, मातीवर बसली आनि म्हनाली, इथं लय थंडी वाजे.”

माय पुन्हा पाखडायला लागली. पुढचे तीन दिवस शामकलाला धड जेवण गेलं नाही. आरशात पाहावं तर पाहणारी कोण नि दिसणारी कोण, काही कळेना. जन्मतारीख तिची, नाव तिचं, आता जागाही तिच्याच कागदावर. आपलं म्हणावं असं काय उरलं? विहिरीवर कोणी “शामकला” अशी हाक मारली, की ओ द्यायच्या आधी ती क्षणभर थांबायची. न जाणो, दुसरंच कोणी ओ देईल!

*

सोमवारी साहेब आला आणि त्याच्यामागे वह्यांचं गाठोडं घेऊन लोकेंद्रही. मामाची कंबर धरली म्हणे. खरं-खोटं मामाच जाणे.

अंगणात सारा गाव जमला. साहेबानं रीतीभाती विचारल्या. कुळाचे देव किती? सात. लग्नात काय, मातीत काय? शामकला सांगत गेली. मग त्यानं सहज विचारलं, “जन्मतारीख?”

साहेबाच्या पाठीमागून लोकेंद्रनं बारीक मान हलवली. नको... नको सांगू. नुसती दाखल्यावरची तारीख सांगितली की नागपूर तिचं. शामकलानं त्याच्याकडे पाहिलं आणि नजर साहेबाकडे वळवली.

“दाखल्यावर पंधरा जून एक्याऐंशी आहे, साहेब. पण ती शामकला त्र्याऐंशीत वारली. मी तिच्यानंतरची. माझी नोंदच नाही.”

साहेबाचा पेन थांबला. मायनं सगळं सांगितलं, काजर, डाग, मोहाचं झाड. साहेब कपाळाला आठ्या घालून ऐकत होता. एवढ्यात गावातले ऐंशी वर्षांचे शालीकराम काठी टेकत पुढे आले आणि त्यांनी कोपरावरचा डाग दाखवला.

“हे पाहा. मी माझाच आजा हावो.” मग एका बाईनं पोराची टाच दाखवली. कोणी खांदा, कोणी पाठ. अंगणभर एकेक मेलेलं माणूस हळूच वर हात करत असल्यासारखं झालं. साहेबाचा बॉलपेन खाली पडला. तो उचलायला कोणी वाकलं नाही.

शेवटी साहेबानं दोन पानं भरून लिहिलं. “खोट्या दाखल्यासाठी बाहेरचा माणूस देवांची नावं पाठ करून येतो,” तो उठताना म्हणाला. “पण या चालीपायी स्वतःचा कागद बिघडवून नाही येत. गोंड असल्याबद्दल माझा शेरा अनुकूल आहे. जन्मतारखेचं प्रतिज्ञापत्र उद्याच करा, आणि आईचा जबाब जोडा.”

साहेबाची जीप गेली. लोकेंद्र मात्र गाठोडं आवळत रेंगाळला. किती वेळा आवळायची एक गाठ माणसानं?

“काय गा, जायचं नाही का?” शामकलानं विचारलं.

“एक सांगायचं आहे...” तो खाली बघून म्हणाला. “तू फक्त सतरा सालची वही मागितली होती. त्र्याऐंशीची मी मुद्दाम काढली. तेरा मार्क जास्त असून मी इथं नि तू नागपूरले, म्हणून डोकं फिरलं होतं. काहीतरी खोट निघावी म्हणून शोधत होतो. आणि निघाली तेव्हा... तुझा चेहरा पाहून मलेच मेल्यासारखं झालं.”

“माहीत आहे मले.”

“माहीत आहे?”

“सतरा सालच्या माणसासाठी कोणी त्र्याऐंशीची वही काढते का? बसमध्येच कळलं.”

“मग बोलली काऊन नाही?”

“लय शिव्या दिल्या मनातल्या मनात. पण तू काढली नसती तर मी जन्मभर तिच्याच तारखेवर जगली असती.”

तो धीर करून एक पाऊल पुढे आला. “शामकला... मले तू आवडते. पहिल्या ओळीपासून.”

तिच्या अंगावर सरकन काटा आला. भीतीचा किती नि दुसरा कशाचा किती, तिलाही सांगता आलं नसतं. “कोण आवडते? जी गेली ती, का जी आली ती?”

“जी आता माझ्यावर रागावली आहे नं, ती.”

तीन दिवसांत पहिल्यांदा शामकलाला आपलं म्हणावं असं काहीतरी सापडलं होतं... हा राग.

“ती तर मीच,” ती म्हणाली. “अभ्यास कर आणि पुढच्या वर्षी नागपूरले ये. अजून पुष्कळ रागवायचं राहिलं आहे माझं.”