तेलाची रेघ

पोहण्याच्या टाकीचं काम कठीण नाही, फक्त रोजचं आहे. सकाळी सातला लांब दांड्याच्या जाळीने वर तरंगणारा पाला काढायचा. पंपाच्या तोंडाशी एक डबा असतो, त्यातली जाळी काढून साफ करायची. पाला, किडे, केस, पाण्याबरोबर जे ओढलं जातं ते तिथे अडकतं. मग छोट्या नळीत पाणी घेऊन थेंब टाकायचे. पिवळं झालं तर क्लोरीन आहे. जितकं फिकट, तितकं कमी. त्याप्रमाणे बादलीत पावडर कालवून टाकायची. आठवड्यातून एकदा कडेच्या टाइल्स घासायच्या. मी चाळीस वर्षं कारखान्यात पंप दुरुस्त केले. यात माझ्यासाठी नवीन काही नव्हतं.

टाकी आमच्या गिरीजच्या वाडीत आहे, केळी आणि सोनचाफ्याच्या मध्ये. पूर्वी तिथे आमचं बावखल होतं. त्या तळ्याचं पाणी शिंपून माझ्या बापाने वाडी जगवली. बोअर आल्यावर ते नुसतं गाळाचं राहिलं. मटिल्डाचे, माझ्या बायकोचे, गुडघे गेले तेव्हा डॉक्टर म्हणाले, पाण्यात व्यायाम करा. मी त्याच खड्ड्यात चोवीस बाय बाराची टाकी बांधली. साडेचार फूट खोल. ती रोज सकाळी अर्धा तास पाण्यात चालायची, पुढे पोहायलाही शिकली. मी कधी उतरलो नाही. मला पोहता येत नाही, आणि कोणीतरी काठावर लागतोच.

आमचं भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं. डोक्याला खोबरेल चोपडल्याशिवाय ती पाण्यात जायची नाही. ते तेल तरंगून टाइल्सवर चिकट करडी रेघ धरायचं.

"आधी डोकं धू, मग उतर."

"तू आहेस ना घासायला," ती म्हणायची.

मग कॅन्सर झाला. शेवटचं वर्षभर तिला पाण्यात जायची मनाई होती. केस सगळे गेले. पेटीत ठेवलं तेव्हा शॅननने, आमच्या मुलीने, तिच्या डोक्याला पांढरा रुमाल बांधला.

टाकी मी चालू ठेवली. लोक म्हणाले, आता कोणासाठी? बंद ठेवली तर पाणी हिरवं होतं. एवढं कारण मला पुरे होतं.

ती गेल्यावर महिन्याची मिस्सा चर्चमध्ये झाली आणि पुढच्या आठवड्यात क्लोरीन उतरायला लागलं. उन्हाने थोडं उतरतंच. पण माणूस पोहून गेला की किती उतरतं हे मला सात वर्षांच्या सवयीने कळतं. एका माणसाचं उतरत होतं. थेंब जुने असतील म्हणून नवी बाटली आणली. तेच. मग टाकीवर ताडपत्री घातली, चारी बाजूंनी दोरीने बांधली. खाली ऊन नाही, पाला नाही. सकाळी गाठी मी मारलेल्या तशाच होत्या. नळीतलं पाणी फिकट होतं.

आठव्या दिवशी ताडपत्री उचलली तर टाइल्सवर रेघ होती. बोट फिरवून वास घेतला. खोबरेल.

मी घासली. दुसऱ्या दिवशी पुन्हा घासली.

जाळीत केस त्यानंतर आले. लांब, निम्मे काळे, निम्मे पिकलेले. आजाराआधीचे. फिल्टरमधली वाळू तिच्या आजारपणातच मी बदलली होती, पाइप धुऊन घेतले होते. जुना केस अडकून राहील अशी जागा मी ठेवली नव्हती. मी ते केस कागदात गुंडाळून ठेवले आणि कोणाला सांगितलं नाही.

ईस्टरनंतरच्या शनिवारी सकाळी शॅनन आली. बरोबर दिनानाथ. आमच्याकडची अर्धी बावखलं त्यानेच माती टाकून बुजवली आहेत. ते येणार म्हणून मी नुकतीच ताडपत्री सोडली होती. गाठी घट्ट होत्या.

"डॅडी, मे महिन्यात इनेझला इथे आणायचीय," शॅनन म्हणाली. "तुझी नात चार वर्षांची आहे. आत पडली तर तू काय करणार? तुला पोहता येतं का?"

"कुंपण घालतो."

"हट्ट कसला करतोस?"

दिनानाथ काठावर उकिडवा बसून पाण्यात बघत होता. "फर्डीअंकल, चार डंपरचं काम. वर मस्त लॉन लावा. नाहीतर मासे तरी सोडा."

"तूच उतर. क्लोरीनने जीभ तरी धुतली जाईल."

तो हसला. शॅनन हसली नाही.

"मम्मी सिमेट्रीत आहे, डॅडी. इथे नाही."

मी पंपाकडे बोट केलं. "डबा उघड."

"कशाला?"

"आतली जाळी काढ. काल संध्याकाळी मी साफ केलीय. रिकामी निघाली तर आजच डंपर आणा. मी आडवा येणार नाही."

तिने दिनानाथकडे पाहिलं. मग झाकण फिरवलं, जाळी वर काढली आणि तळहातावर उलटी केली.

पाणी तिच्या मनगटावरून खाली गळत राहिलं.

लहानपणी ती आईची वेणी घालायची. तिला ओळख सांगावी लागली नाही. तिने हात नाकाजवळ नेला.

"खोबरेल," ती हळूच म्हणाली.

दिनानाथ उठला आणि काठापासून मागे सरकला.

"तू जा," शॅनन त्याला म्हणाली. "माती नको."

तो निघून गेला. मी जिंकलो होतो. मी नळीत पाणी भरायला वाकलो.

ती अजून केस सोडवत होती. लांब केसांत आखूड केसही गुंतले होते. पांढरेशुभ्र, बोटाच्या पेराएवढे. तिने ते वेगळे केले. मग माझ्या डोक्याकडे पाहिलं.

"डॅडी, तू पाण्यात उतरलेलास?"

"नाही."

खरं तेच सांगितलं.

मी थेंब टाकले. नळीत पिवळेपणा जवळजवळ नव्हताच. इतकं कधी उतरलं नव्हतं.

"कुंपणवाला बघ," मी म्हणालो. "सहा फुटी. कुलूप लागेल असं. इनेझ आत येता कामा नये."

"डॅडी, आता बस झालं."

तिने माझा हात धरला, आणि लगेच सोडला.

बोटांची टोकं पांढरी पडून सुरकुतली होती, तासभर पाण्यात राहिल्यासारखी.

त्याच हाताने मी बादलीत पावडर घातली. दोघांपुरती.