ठकूबाईच्या उशाचा डबा

काया गेली बाजाराला, जीव माझा उंबऱ्यात
तान्हं निजलं पाळण्यात, ध्यान त्याच्या हुंकारात…

ही ओवी श्रेयाने पहिल्यांदा ऐकली त्याला आता सतरा वर्षं झाली. नवी नवरी म्हणून ती पिंपरी पेंढारला आली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी. सासू बराखीत, कांदा साठवायच्या चाळीत, कांदा निवडत बसली होती आणि गात होती. आवाज काही गोड नव्हता. जरा फाटका, पण जुन्या गोधडीसारखा ऊबदार. माहेर सुटल्याचं रडू श्रेयाने त्या आवाजात मुरवलं.

सासूचं नाव ठकूबाई. श्रेया तिला आत्या म्हणायची.

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात, असं आपण धरून चालतो. ही भर दिवसाची आहे. आणि ही घडलेली आहे. गेल्या मार्गशीर्षातला मंगळवार, सकाळचे अकरा चाळीस. ही वेळ कुणी अंदाजाने सांगितलेली नाही.

ती मशीनने लिहून ठेवली आहे.

ठकूबाईच्या छातीत दीड वर्षापूर्वी पेसमेकर बसवला होता. हृदय मधूनच एखादा ठोका चुकवायचं. चुकलं की तेवढा ठोका मशीनने द्यायचा. बरोबर पुण्याच्या हॉस्पिटलने एक पांढरा डबा दिला होता. तो पलंगाच्या उशाशी, प्लगला लावून ठेवायचा. ठकूबाई जवळ आली की डब्यावर हिरवा दिवा लागायचा आणि तिच्या हृदयाचा रिपोर्ट आपोआप पुण्याला जायचा. पाच-सहा फुटांच्या पलीकडे गेली की दिवा बंद.

हा डबा फक्त तिचाच पेसमेकर ओळखायचा. दुसऱ्या कुणाचा नाही.

"ह्यो पुण्याचा जावई उशाला बसवलाय," ठकूबाई आल्यागेल्याला सांगायची. "म्या डोळा मिटला की माझ्या चहाड्या करतोय वर!"

त्या मंगळवारी ती घाटघरला निघाली. तिथली सारजाबाई तिची मानलेली बहीण. पूर्वी दर साली डोंगरातून कांदा काढायला यायची, तेव्हाची ही माया. भात झोडून झालं की ठकूबाई कांद्याची गोणी घेऊन वर जायची आणि नवा तांदूळ घेऊन खाली यायची. न्यायला तिचा मुलगा, श्रेयाचा नवरा संपत. जाऊन संध्याकाळी परत, असं ठरलं होतं.

"आत्या, डबा पिशवीत टाकते," श्रेया म्हणाली.

"नगं गं पोरी. सारजा म्हनंल, मराया टेकली म्हनून भेटाया आली."

डबा उशाशीच राहिला. चालू.

दुपारी दोनला संपतचा फोन आला. घाटघरला रेंज नाही, टेकाडावर चढून केला होता. आवाज तुटत होता.

"आई ऱ्हायचं म्हनतीय. मीबी थांबतो."

"अहो, कांद्याची लागण चालूय! बाया आल्यात शेतात!"

"तू बघ तेवढं."

आणि फोन कट.

संपत असा कधी कामं टाकून राहिला नव्हता. श्रेया चिडली. बायांना चहा देताना दोनदा बोलूनही दाखवलं. तेवढ्यावर विषय संपला.

गुरुवारी सकाळी पुण्याहून फोन आला. आरोही. हे रिपोर्ट बघणारी, पोरसवदा आवाजाची मुलगी.

"ताई, आजींचे रिपोर्ट मस्त आहेत. पेसमेकरला कामच नाही उरलं! फक्त एक विचारायचं होतं… आजी पलंगावरून उठतच नाहीत का? मंगळवारी दुपारपासून डबा सारखा जोडलेला दिसतोय."

श्रेया हसली. "अगं, आत्या घरी कुठायत? मंगळवारीच घाटघरला गेल्या."

पलीकडे कीबोर्डची टकटक झाली.

"ताई, मी आज सकाळचा रिपोर्ट बघतेय."

"मागचाच गेला असेल परत."

"नाही. हे ठोके… आत्ता चाललेत."

फोन ठेवून श्रेया आतल्या खोलीच्या दारात गेली. बाहेर लख्ख ऊन. शेतातून बायांच्या हसण्याचा आवाज येत होता. खोलीत पलंग रिकामा. गोधडी नीट पसरलेली.

आणि उशाशी…

हिरवा दिवा.

पायथ्याला मनी मांजर झोपलं होतं. ते रोज ठकूबाईच्या पायांशीच झोपायचं. आजही अगदी कडेला, अंग चोरून झोपलं होतं.

मधे कुणाचे तरी पाय असावेत तसं.

श्रेयाने धीर केला. डब्याचा प्लग काढून तो स्वयंपाकघरात नेला, तिथे लावला. दिवा लागला नाही. बराच वेळ वाट पाहिली. नाही लागला.

परत आणून उशाशी लावला.

लगेच… हिरवा.

खोलीत मशेरीचा वास येत होता. नुकतीच भाजलेली मशेरी. घरात ती फक्त ठकूबाई लावायची, आणि तिची डबी तिच्या कनवटीला, घाटघरला होती.

संपत आईला घेऊन आला तो शनिवारी, दिवस मावळायच्या आत. श्रेया भाकरीचा तुकडा आणि पाणी घेऊन दारात गेली. ओवाळून टाकलं, डोळ्यांना पाणी लावलं. ठकूबाई मुकाट उभी राहिली. एरवी म्हणायची, "बास गं, काय लंकंहून आलीय का!" या खेपेला काही नाही.

आत आली. खोलीच्या दारापर्यंत गेली. पलंगाकडे पाहत राहिली… बराच वेळ.

"आत्या, पडा जरा. दमला असाल."

"तितं जागा न्हाई," ती म्हणाली.

आणि मागे फिरली.

श्रेयाने संपतकडे पाहिलं. त्याने काही विचारलं नाही. आईला समजावलंही नाही. खाली मान घालून त्याने पडवीत अंथरूण टाकलं. जणू हे त्याला ठाऊकच होतं.

पुढचे दिवस तसे साधेच गेले. ठकूबाई पडवीत उन्हाला बसायची. दिलं की खायची. हाक मारली की बघायची. पण मशेरी लावली नाही. सुनेच्या भाकरीला नाव ठेवलं नाही. आणि ओवी… एकही नाही. मनी तिच्या जवळपासही फिरकलं नाही. ते पलंगाचा पायथा सोडायलाच तयार नव्हतं.

पडवीपासून पलंग चांगला तीस फुटांवर.

दिवा हिरवाच.

सोमवारी दुपारी श्रेया चुलीपाशी होती. ठकूबाई पडवीत, तिच्या डोळ्यांसमोर, भिंतीला टेकून बसलेली. तोंड मिटलेलं.

आणि आतल्या खोलीतून…

कुणीतरी गुणगुणत होतं. शब्द कळत नव्हते. नुसता हुंकार. फाटका, ऊबदार.

श्रेयाची तव्यावरची भाकरी करपली.

पडवीतल्या ठकूबाईने सावकाश मान वळवली. खोलीकडे कान लावून ऐकत राहिली. शेजारणीचं गाणं ऐकावं तशी.

श्रेयाने तिथूनच आरोहीला फोन लावला.

"ताई, घाबरू नका. डबा बिघडलाय," आरोही म्हणाली. "गुरुवारी मी मंचरला येतेय तपासणीला. आजींना घेऊन या. डबाही आणा."

गुरुवारी निघताना श्रेया डबा काढायला गेली, तर संपत आडवा आला.

"डबा ऱ्हाऊ दे. आईलाच न्हेऊ."

"त्या पोरीनं आणायला सांगितलाय."

"ऱ्हाऊ दे म्हनलं ना!"

सतरा वर्षांत तो तिच्यावर असा कधी ओरडला नव्हता. श्रेयाने घराला कुलूप लावलं. आत मनीखेरीज चिटपाखरू नव्हतं.

मंचरचा दवाखाना हायवेला लागून. बाहेर कांद्याच्या ट्रकांचे हॉर्न, धूळ. आत ठकूबाईला टेबलावर निजवलं. आरोहीने छातीवर एक चकती ठेवली आणि लॅपटॉपवर पाहू लागली. आधी तिचं तोंड चालू होतं. "काय आजी, डबा एकटा सोडून फिरायला जाता होय!" मग शब्द कमी झाले. मग थांबले.

"काय गं?" श्रेयाने विचारलं.

"मंगळवारी… मागच्या नाही, त्याच्या आधीच्या. अकरा चाळीसला यांच्या हृदयाचा स्वतःचा शेवटचा ठोका आहे. त्यानंतर सगळे पेसमेकरचे. एकूण एक."

डॉक्टर येऊन पाहून गेले. "होतं असं कधी कधी. त्यासाठीच तर मशीन बसवलंय. बाई चालतात, जेवतात, मग काळजी कसली?" आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

आरोही मात्र उठली नाही. तिने स्क्रीनवर शेजारी दुसरी खिडकी उघडली. घरच्या डब्याचा रिपोर्ट. नंबर तोच, नाव तेच, ठकूबाई. वेळ… आत्ताची.

एका बाजूला टेबलावरच्या बाईचे ठोके. एका मापाने पडणारे, मशीनचे.

दुसऱ्या बाजूला कुलूपबंद घरातले. कधी जरा लवकर, कधी जरा उशिरा. जिवंत माणसाचे असतात तसे. एकही ठोका मशीनचा नाही.

"हे शक्य नाही," आरोही पुटपुटली.

टेबलावर ठकूबाईने मान वळवली. तिला अक्षर वाचता येत नव्हतं. पण तिने बरोबर त्या दुसऱ्या रेषेवर बोट ठेवलं. आणि हसली.

"लई चांगली चाललीय तिची," ती म्हणाली.

तिची.

आरोहीने लॅपटॉप मिटला. "ताई, घरी गेल्या गेल्या डबा बंद करा. मी लगेच नवा पाठवते. तो चालू ठेवू नका… प्लीज."

येताना गाडीत ठकूबाई खिडकीशी बसली होती. कळंबचा घाट, नारायणगाव, आळेफाटा. आयुष्यभर पायाखालचा रस्ता. ती तो पहिल्यांदाच पाहत असल्यासारखी पाहत होती.

घरी पोहोचले तेव्हा चार वाजले होते. संपतने आईला पडवीत बसवलं. श्रेया सरळ आत गेली. पलंगावरची गोधडी मधोमध जराशी दबली होती. मनीने डोळे उघडले, पुन्हा मिटले. श्रेयाला क्षणभर वाटलं, त्या पलंगावर बसावं. डोकं टेकावं. सतरा वर्षांपूर्वी बराखीत टेकलं होतं तसं.

पण बाहेर पडवीत हाडामांसाची सासू बसली होती. आणि इथे नुसता एक दिवा.

तिने प्लगला हात घातला.

"काढू नको."

संपत दारात उभा होता. डोळे भरलेले.

"अहो, बिघडलाय तो. ती पोरगी म्हणाली…"

"बिघडला न्हाई. श्रेया, पाया पडतो तुझ्या. त्यो बंद झाला तर ती कुठं जाईल?"

"कोण कुठं जाईल?"

तो पलंगाशी खाली बसला. गोधडीच्या कडेला कुणाचा तरी हात असावा, तसं त्याने तिथे कपाळ टेकवलं. श्रेयाने प्लग सोडला. मग तो बोलला. हळू. पडवीत ऐकू जाऊ नये म्हणून.

"त्या दिवशी सारजामावशीच्या अंगनात आई टेकली न टेकली तोच म्हनाली, संपत, मला घरी ने. आत्ताच्या आत्ता. म्या म्हनलं, आई, आत्ता तर आलो. जेवून निघू की. ती दोनदा म्हनाली. म्या हसन्यावारी न्हेलं. तिनं तितंच मान टाकली."

श्रेयाने पडवीकडे पाहिलं.

"श्वास नव्हता. नाकाशी सूत धरून बघितलं. मावशीनं भुई सारवली, आईला खाली घेतली, तोंडात तुळशीचं पान ठिवलं, पानी सोडलं. म्या तुला कळवाया टेकाडावर गेलो. रेंज घावता घावंना. जीव गोळा करून खाली आलो, कुनाला तरी गाडी धाडून निरोप देऊ म्हनून. तर आई… उठून बसलेली. तोंडातलं तुळशीचं पान चावत व्हती. मावशी कोपऱ्यात गारठलेली. मग पुन्यांदा वर जाऊन तुला फोन केला, ऱ्हातो म्हनून सांगितलं."

बाहेर पडवीत काहीतरी सरकल्याचा आवाज झाला. मग तोही थांबला.

"म्या गळ्यात पडलो तिच्या. रडलो. तिनं मला बाजूला केलं, तोंडाकडं बघितलं, अन् इचारलं… पावनं, तुमी कुनाचे?"

"मग? चार दिवस… चार दिवस तिथं काय करत होता तुम्ही?"

संपतने वर पाहिलं.

"टाकून कसं यावं, श्रेया? अंग तर आईचंच व्हतं. शिकवत बसलो तिला. माझं नाव, तुझं नाव. ह्या घराचं दार कुठं हाय. हाक मारली की बघायचं. अन् आई कशी बोलायची… ते तेवढं तिला शेवटपत्तर जमलं न्हाई."