जास्तीचा तुकडा

आमच्या वर्कशॉपचा एकच नियम आहे: आधी चूक लिहायची. विद्यानगरला, युनिव्हर्सिटीच्या मागच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावर दोन खोल्या आणि एक गॅलरी, एवढाच आमचा पसारा. रविवारी सकाळी दहाला कुलूप उघडतं. कुणी मिक्सर खोलून बसतं, कुणी सायकलला दिवा जोडतं, कुणाला नुसताच चहा हवा असतो. पण जाताना प्रत्येकानं ऑनलाइन नोंदवहीत लिहायचंच की आज काय बिघडवलं. काय जमलं ते नंतर.

नियम माझा. मी रेणुका. तीस वर्षं फिजिक्सच्या प्रयोगशाळेत टेक्निशियन होते, त्यामुळे घरी बसून लिहिलेलं रीडिंग मला लांबून ओळखू येतं. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी आधी बोर्डाचं अर्थिंग तपासायला लावते. आणखी एक सांगून ठेवते. मी डावखुरी आहे. सोल्डरिंगचं टेबल माझ्यामुळे उलटं मांडलेलं असतं आणि त्यावरून सगळे मला चिडवतात.

प्रबुद्ध जानेवारीत आला. नोकरी कुकटपल्लीला, सॉफ्टवेअर टेस्टिंगची, घर मलकपेठला. त्याच्या आईला, मालनबाईंना, दिवाळीत अर्धांगाचा झटका आला होता. चालणं परत आलं, बोलणं परत आलं, पण उजव्या हाताची बोटं मिटेनात. आमच्या थ्री-डी प्रिंटरवर त्याला आईसाठी, गाणी लिहायला, पेन धरायची पकड करायची होती.

"पेनच कशाला?" मी विचारलं. "बोलतात ना त्या? मोबाइलवर रेकॉर्ड कर."

"केलं ना मॅडम. होतच नाही." तो परेशान दिसत होता. "आईला गाणी नुसती बसून याद येत नाहीत. हात चालला तरच येतात."

ही गाणी जात्यावरची. नांदेडकडच्या गावात प्रबुद्धची आजी दळताना म्हणायची. मालनबाई पन्नाशीत लिहायला शिकल्या आणि त्यांनी ती वहीत उतरवायला घेतली. एकशे बारा झाली होती. तेवढ्यात हात गेला.

"मावशीला येत होती, मावशी पण गेली," प्रबुद्ध म्हणाला. "आता फक्त आईच्या डोक्यात आहेत. मला तर मराठी वाचायला पण टाइम लागतो, शाळेत नव्हती ना. पण असं खतम व्हायला नक्को ना."

मी वरून कितीही करडी असले तरी एवढं ऐकून हललेच. आम्ही कामाला लागलो.

इंटरनेटवर असल्या पकडींचे नमुने फुकट मिळतात. त्यातला एक उतरवला, प्रबुद्धनं काढून आणलेल्या हाताच्या फोटोवरून मापं बसवली आणि निळ्या प्लॅस्टिकचं रीळ लावलं. दोन तास खोलीभर भाजक्या मक्यासारखा गोडसर वास होता. मशीन थांबलं तेव्हा मधोमध निळी पकड तयार होती आणि उजव्या कोपऱ्यात एक पांढरा तुकडा. अंगठ्याच्या पेराएवढा, किंचित वाकलेला.

मला राग आला. आधीच्या माणसानं मशीन साफ केलं नव्हतं. नोंदवहीत लिहिलं: "चूक: पेन सैल बसतो. मागचा तुकडा काढायचा राहिला." तुकडा बिस्किटांच्या जुन्या डब्यात टाकला. आम्ही काहीच फेकत नाही.

दुसऱ्या रविवारी मी स्वतः फडकं मारलं. तरीही तुकडा आला. आकार वेगळा, रंग पांढराच. रीळ निळंच होतं.

तिसऱ्या रविवारी मी फाइल उघडून ओळ न ओळ वाचली. तिच्यात एकच वस्तू होती. रीळ आधी तोललं, नंतर तोललं. निळी पकड जेवढी भरली तेवढंच रीळ कमी झालं होतं. पांढरा तुकडा अकरा ग्रॅमचा होता आणि ते अकरा ग्रॅम कुठूनही आलेले नव्हते. हातात घेतला तर कोमट. नाकाशी नेला. त्याला मक्याचा नाही, ताज्या दळणाचा वास होता. आमच्या गल्लीत गिरणी नाही.

"मॅडम, कोणी मजाक करतंय," प्रबुद्ध म्हणाला.

"मग मजाक करणाऱ्यालाही नोंद लिहू दे," मी म्हटलं.

चौथ्या रविवारी मी मशीनवर कॅमेरा लावला. काय दिसलं ते जसंच्या तसं लिहिते. प्लॅस्टिक सोडणारं नोझल मधल्या पकडीवर फिरत होतं. कोपऱ्याकडे ते एकदाही गेलं नाही. कोपऱ्यातला तुकडा थरावर थर आपोआप वाढत होता, सावकाश, मधेच थांबत, पुन्हा सुरू होत. मी ते सात वेळा पाहिलं. मग उठून अर्थिंग तपासलं. अर्थिंग ठीक होतं.

वर्कशॉप बंद ठेवावं असंही मनात आलं होतं. पण पेनाची पकड अजून जमत नव्हती. कधी पेन निसटायचा, कधी मनगट दुखायचं. आणि घरी मालनबाई वही उशाशी घेऊन बसून असत. शेवटचं पान कोरं ठेवून त्या म्हणायच्या, "उद्या येतंय का बघू." हे प्रबुद्धनं सांगितल्यावर बंद कोण ठेवणार? पाचवा रविवार झाला, सहावा झाला.

सातव्या रविवारी तो आईलाच घेऊन आला. जिन्यावर तीनदा बसत, हसत बाई वर आल्या. त्या दिवशीची पकडही फसली. पेन घरंगळून टेबलाखाली गेला आणि प्रबुद्ध तो उचलायला वाकला तो बराच वेळ वर आलाच नाही. कोपऱ्यातला सातवा तुकडा मी सोडवला आणि डब्यात टाकला.

"त्यात काय हाय, माय?" मालनबाईंनी विचारलं.

"काही नाही. जास्तीचे तुकडे."

"बघू की."

मी डबा पुढे केला. त्यांनी डाव्या हातानं तुकडे टेबलावर ओतले. एकेक उलटून पाहिला. मग एक उचलून दुसऱ्याला लावला.

टक्.

तिसरा लावला. चौथा. मी सहा आठवडे तेच करून पाहिलं होतं, एकही जुळला नव्हता. सातवा नव्हता ना तेव्हा; सगळं त्याच्याभोवती बसत होतं.

तयार झालं ते एक रुंद कडं होतं, बोटं आणि तळवा दोन्ही धरून ठेवणारं. मी ते त्यांच्या उजव्या हातावर चढवलं. ना घट्ट, ना सैल. आतल्या बाजूला, बोटांच्या मुळाशी, एक खोलगट खड्डा होता. मी त्यांचा तळवा उलटा केला. बरोबर त्याच जागी जुना घट्टा होता, वर्षानुवर्षांच्या दळणाचा.

आमच्याकडे फोटो होता तो हाताच्या पाठीचा. तळव्याचं माप कुणीही घेतलं नव्हतं.

मधल्या गोल भोकाला मी मापाचा व्हर्नियर लावला. चौतीस मिलिमीटर. एवढा जाड पेन जगात नाही.

"पेनाचं न्हाई ते, बाई," मालनबाई म्हणाल्या. त्या घाबरल्या नव्हत्या. "जात्याच्या खुंट्याचं हाय."

जातं मलकपेठच्या घरी होतं. गॅलरीत, पाण्याच्या ड्रमखाली, पाट म्हणून. आम्ही तिघं लगेच रिक्षानं निघालो. ड्रम हलवला, जातं पुसलं, खुंटा ठोकला. मालनबाई पाय पसरून बसल्या. कडं खुंट्यावर बसलं आणि मूठ धरल्यासारखा हात स्थिर झाला.

मी मूठभर ज्वारी घातली.

जातं पहिल्यांदा अडलं. मग फिरलं.

दोन फेऱ्या नुसती घरघर झाली. प्रबुद्ध मोबाइल धरून उभा होता.

तिसऱ्या फेरीला गाणं आलं.

"सरलं माझं दळण, सूप भरून ठेव बाई,
तुझ्या उद्याचं गं पीठ, आज दळून मी जाई."

"हे वहीत नाही," प्रबुद्ध कुजबुजला. "आई, हे तर नवीन आहे."

"नवं कुठलं? माझ्या मायचं हाय. मीच इसरले व्हते." बाई हसत होत्या, रडत होत्या, आणि हात थांबवत नव्हत्या.

त्या दुपारी एकोणीस गाणी आली. आज आकडा दोनशे साठच्या पुढे गेलाय. प्रबुद्ध रोज दोन गाणी वहीत स्वतःच्या हातानं उतरवतो. अक्षर भयंकर आहे, पण मराठी आहे. मी त्या घरातून निघताना जेवढी आनंदात होते तेवढी गेल्या कित्येक वर्षांत नव्हते. नोंदवहीत लिहिलं: "चूक: माणसाला न विचारता पेनच हवा असं धरून चाललो." बाकीच्या गोष्टीला कारण सापडलं नाही, तेही लिहिलं.

नंतर दोन महिने कोपरा रिकामा राहिला.

परवाच्या रविवारी मी कपाटाच्या दारासाठी मूठ छापत होते, लाल रिळावर. मशीन थांबलं. उजव्या कोपऱ्यात काही नव्हतं.

तुकडा डाव्या कोपऱ्यात होता. पांढरा, कोमट, अकरा ग्रॅमचा. मी वास घेतला. सोल्डरच्या राळेचा होता, माझ्या टेबलावर येतो तोच.

डावा हात पुढे करायला मला बराच वेळ लागला. अंगठ्याच्या मुळाशी तो ठेवला आणि अगदी बरोबर बसला.

भीती वाटली, खोटं कशाला बोलू? पण घरी येताना वाटलं, जे काही यायचं असेल त्याच्या आधीच कुणीतरी कामाला लागलंय. डब्याला नवी चिठ्ठी लावली आणि नियमाप्रमाणे नोंद केली: "चूक: अजून काही नाही. तुकडा पहिला. हात ठणठणीत आहे."