मिठाला आलेली हरणं

मी चौथी शिकलेली. पण डोळ्यांनी पाहिलेलं सांगायला चौथी पुरते.

आमचा थोरला गेल्याला चौदा महिने झाले होते. तेव्हापासून हे खुर्चीत बसून भिंतीकडे बघायचे. जेवायला हाक मारली की "भूक नाही." दोनच शब्द, दिवसातून तीनदा. शेवटी धाकट्या सुनेने बेटावरचं हॉटेल ठरवलं. "आई, तिथे हरणं मोकळी फिरतात, कासवं असतात. बाबांना बरं वाटेल." बाबांचं माहीत नाही, तिला मात्र आमच्या निघण्यानेच निम्मं बरं वाटलेलं दिसत होतं.

हंगाम संपलेला. होडीत आम्ही दोघंच. किनाऱ्यावरची दुकानं ताडपत्रीत गुंडाळलेली, हॉटेलात खुर्च्या टेबलांवर उलट्या टाकलेल्या. कासवांच्या टाकीत हातभर हिरवं पाणी, कासव औषधालाही नाही.

"सूनबाईने मुहूर्त बरोबर काढला," मी म्हटलं. हे हसले नाहीत.

हरणं मात्र होती. वीस-पंचवीस. सगळी वाळूवर, धक्क्याकडे तोंड करून उभी. लोखंडी कठड्यावर समुद्राचं मीठ वाळलं होतं, दोन-तीन हरणं ते चाटत होती. खरखर, खरखर. दुसरा आवाजच नव्हता.

त्यांची राखण करणारी बाई बादली घेऊन आली. "काकू, मिठाला हपापलीत ती. हात पुढे करू नका."

"चावतात?"

"छे. हंगामात हजार हात असतात, प्रत्येकाचं थोडं थोडं जातं. आता तुम्ही दोघंच."

"काय जातं?"

ती बादलीत बघत राहिली. मग म्हणाली, "मीठ."

तोवर ह्यांनी हात पुढे केलाही होता. एक हरिणी सावकाश त्यांचा तळवा चाटत होती.

"अगं, गुदगुल्या होतात!" हे हसले. चौदा महिन्यांनी हसले. दुपारी दोनदा मागून जेवले आणि कुशीवर वळून पोरासारखे झोपले. मी मनात म्हटलं, त्या बादलीवालीला काय कळतंय!

दुसऱ्या दिवशी सकाळी मीच त्यांना घेऊन गेले. हॉटेलच्या स्वयंपाकघरातून मूठभर मीठ मागून घेतलं आणि ह्यांच्या दोन्ही तळव्यांना माझ्या हातांनी चोळलं. लिहायला लाज वाटते, पण केलं ते केलं.

सगळा कळप आला. ढकलाढकली नाही, घाई नाही. दोन दोन हरणं पुढे यायची, चाटायची आणि बाजूला होऊन मागच्यांना जागा द्यायची. माणसांनासुद्धा अशी रांग जमत नाही. ह्यांनी डोळे मिटले होते.

"थोरला असता तर किती फोटो काढले असते," माझ्या तोंडून निघालं.

"कोण थोरला?"

"अहो, काय ही चेष्टा! आपला थोरला."

"आपल्याला एकच मुलगा," हे शांतपणे म्हणाले. चेहऱ्यावर दुःखाची सुरकुती नव्हती.

मी त्यांचा खांदा धरला. "चला. पुरे झालं."

हरणं हलली नाहीत.

"अहो, उठा म्हणते ना!"

त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. नीट, आदराने.

"वारा फार आहे, बाई," ते म्हणाले. "तुमच्याबरोबर कोणी नाही का?"

मी कळपात घुसले. कोपरं मारली, शिव्या घातल्या. एकही हरीण बिचकलं नाही. दंडाला धरून ह्यांना ओढत असताना माझ्या मोकळ्या डाव्या हाताला काहीतरी लागलं. ऊन. ओलं. काथ्यासारखं खरखरीत.

एकदाच.

अकराच्या होडीने निघालो. राखणीवाली धक्क्यावर होती. तिने मान वर केली नाही.

होडीत मी ह्यांचा हात उघडून पाहिला. तळवा चमच्याच्या पाठीसारखा गुळगुळीत. आयुष्याची नाही, नशिबाची नाही, एकही रेघ नाही. ह्यांनी हात काढून घेतला नाही. अनोळखी बाईला वाईट वाटू नये म्हणून राहू दिला असावा.

घरी सगळे खूश. "बाबा किती सुधारले!" सून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. जेवतात, झोपतात, गुणगुणतात. मला 'अहो बाई' म्हणतात, तर घरातल्यांना तो विनोद वाटतो. भिंतीवरच्या थोरल्याच्या फोटोसमोरून दिवसातून दहादा जातात, जुन्या कॅलेंडरसमोरून जावं तसे.

निदान मी तरी आहे, असं म्हणून मी रोज सकाळी त्याला आठवायला बसते. चेहरा येतो. कपाळावरची खोक येते. तो दारात चपला काढतो, माझ्याकडे बघतो, हाक मारतो.

ओठ हलतात.

आवाज येत नाही.