गाळलेली ओळ

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, पण हे घडलंय. कैरोत, झुवैला दरवाजाजवळच्या एका लहान मशिदीत. राजवाडा रिकामा झाला त्या वर्षी. आणि रात्री नव्हे... भर दुपारी.

मुफर्रिज तिथला बांग देणारा. जन्मापासून आंधळा. मिनारावरून लोकांच्या घरातली अंगणं दिसतात, म्हणून त्या कामाला आंधळाच बरा, असं गल्लीतल्या बायकांचं मत.

त्याच्या दोनशे वर्षं आधी फातिमी खलिफा पश्चिमेकडच्या मगरिबहून आले. त्यांनी हे शहर वसवलं आणि बांगेत आपल्या पंथाची एक ओळ घातली. ‘सर्वांत चांगल्या कामाकडे या.’ ती दोनदा म्हणायची. आता शेवटचा खलिफा वारला होता. त्याची पोरंबाळं कोंडली होती, वाड्यातली पुस्तकं बाजारात ढिगानं विकली जात होती. नव्या राज्यकर्त्यांचा हुकूम आला. ओळ गाळायची. जो म्हणेल त्याला फटके. नोकरी जाणार, आणि नोकरीसोबत मशिदीची खोलीही.

त्या खोलीत मुफर्रिज आणि त्याची विधवा मुलगी तुरफा राहत. दुसरं छप्पर त्यांना नव्हतं.

“राजे गेले तर जाऊ देत बाबा,” ती म्हणाली, “आपली खोली राहू दे.”

त्यानं कबूल केलं. खलिफांसाठी त्याचा जीव काही तुटत नव्हता. चाळीस वर्षांत वाड्यातून एकच अंगरखा मिळाला होता, तोही कसरीनं खाल्लेला.

शुक्रवारी दुपारी त्यानं बांग दिली. ती जागा आली. तो गप्प राहिला. दोन श्वास. मग पुढं गेला.

खाली आला, तर अंगणात कुणाचा आवाज नाही.

हौदावर पाणी वाजेना. चपला वाजेनात...

तुरफानं त्याचा हात धरला.

“म्हटलीत ना शेवटी?”

“नाही गं. तुझी शपथ.”

“सगळ्या गल्लीनं ऐकली, बाबा. तुमचाच आवाज.”

पुढच्या बांगेलाही तेच. त्याच्या पुढच्याही.

रविवारी दुपारच्या बांगेआधी मोहतसीब कराजा आला, बाजार-मशिदींवर नजर ठेवणारा अंमलदार. फटक्यांचा हुकूम त्याच्याच हातात. माणूस दमास्कसचा, जिभेचा तिखट. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, असं म्हणत त्यानं मुफर्रिजला जिन्याकडं ढकललं. तो स्वतः वर येऊन पाहणार होता.

मुफर्रिज पुढं, कराजा मागं. मागून धाप ऐकू येत होती.

मुफर्रिज वर पोचला, आणि मागची धाप थांबली...

मग एक हात मुफर्रिजच्या गळ्यावर आला. बोटं गार होती. गळा हलतो का ते पाहताहेत, असं त्याला वाटलं. त्याला उलट धीरच आला. चला, साक्षीदार मिळाला.

त्यानं बांग सुरू केली. ती जागा आली. त्यानं ओठ घट्ट मिटले.

आणि...

अगदी कानाशी ती ओळ उमटली. त्याच्याच आवाजात. एकदा. पुन्हा एकदा.

हात सुटला. उरलेली बांग त्यानं कशी पुरी केली, ते त्यालाही आठवत नाही.

खाली कराजानं सगळ्यांसमोर सांगितलं, “हा बोलला नाही. याचे ओठ मिटलेले होते, मी पाहिलंय. याला कुणी हात लावायचा नाही.” तुरफा रडायला लागली. मुफर्रिजनं चाचपडत कराजाचा हात धरला आणि त्याचं चुंबन घेतलं.

हात गरम होता. घामानं ओला.

“पाहायची काय गरज होती साहेब,” तो हळूच म्हणाला, “तुम्ही तर गळाच धरला होता.”

कराजानं हात काढून घेतला.

“मी नाही धरला,” तो म्हणाला. “मला वर येववलंच नाही. घेरी आली. शेवटच्या पायरीवर बसून तिथूनच पाहत राहिलो.”

“मग तिथं...”

“तिथं तू एकटाच होतास.”

नोकरी वाचली. खोलीही वाचली. तुरफानं मसुराचं कालवण पुढं ठेवलं, पण मुफर्रिजनं ते बाजूला सारलं.

त्या दिवसाच्या तीन बांगा अजून बाकी होत्या. आणि त्या त्यालाच द्यायच्या होत्या.